वकीलसाहेबांच्या गिटारीची मान

बेस गिटार ऐकूच येत नाही असं म्हणणारी माणसं अकोल्यात पावलोपावली भेटतात. मी एका शाळेत चित्रकला शिकवते आणि एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवते. कार्यक्रम झाला की बायका जवळ येऊन अगदी काळजीनं विचारतात, "ताई, तुमची मशीन बंद होती का व?" मी पूर्वी चिडायचे. अजूनही चिडते. पण आता चिडले की अमरावतीचे वकीलसाहेब आठवतात आणि राग अर्ध्यावर विरतो. ते म्हणायचे, "आलू-वांग्यात जवस टाकलं, हे पाहुन्याले सांगा लागते का? खाते, बोटं चाटते, पुन्हा येते. बस झालं ना!"

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. मी कॉलेजला अमरावतीला होते आणि राजापेठेत त्यांच्या वरच्या खोलीत राहायचे. खाली काका-काकू, वर मी आणि माझी पुस्तकं. परीक्षा तोंडावर, आणि संध्याकाळ झाली की खालून धुम् धुम् सुरू. आवाज कानाला कमी आणि तळपायाला जास्त लागायचा. पाण्याचा तांब्यासुद्धा फरशीवर थरथरायचा. दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी तणतणत खाली गेले. बघते तर काय, कोर्टातून आलेला एक जाडजूड माणूस, अंगात बनियन, नाकावर चष्मा, आणि पोटावर एक भलीमोठी काळी गिटार.

"काका, माझी परीक्षा आहे. हे बंद करा."

"तक्रार मौखिक चालत नाई," ते म्हणाले. "पहिले हे सांग, वर्तं ऐकू येते का?"

"येते म्हणूनच तर आले!"

"मंग कोनतं गानं वाजवून राहिलो, थे सांग."

मी रागातच गाणं सांगितलं. त्यांचे हात थांबले. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "अवो, चहा टाका! ह्या पोट्टीले नुसत्या बेसवरून गानं समजलं!" काकू बाहेर आल्या, त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बसा बाई. आता तुमची सुटका नाई." काकूंचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. परीक्षा कशीबशी पास झाले आणि बेस मात्र पक्का शिकले.

काका मूळचे अंजनगाव सुर्जीकडचे, शेतकऱ्याच्या घरचे. कोर्टात त्यांची मराठी अशी शुद्ध आणि टापटीप असायची की न्यायाधीशही सरसावून बसायचे म्हणे. घरी आले की काळा कोट खुंटीवर आणि शुद्ध मराठीही खुंटीवर. "दिवसभर थे इस्तरीची भाषा बोलून जबडा दुखते बाप्पा," म्हणायचे. कोर्टाची सवय मात्र घरात शिरलीच होती. शहरातले गिटारवाले दुरुस्तीला यायचे, त्यांना काका तारीख द्यायचे. वाद्य हातात घ्यायचं, उलटंपालटं करायचं, एक तार छेडायची आणि म्हणायचं, "हं. पुढची तारीख." तो बिचारा आला की पुन्हा, "पुढची तारीख." पण तारखा झाल्या तरी वाद्य असं दुरुस्त होऊन जायचं की तो माणूस मिठाईचा पुडा घेऊनच परत यायचा. तो पुडा काकू परस्पर कपाटात टाकायच्या, कारण काकांना साखर वर्ज्य होती आणि काकांना ते मान्य नव्हतं.

गिटारीच्या लांब दांड्याला, ज्याच्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात, सगळे गिटारवाले नेक म्हणतात. काका मान म्हणायचे. "मान सरळ पाहिजे, बाकी चालते," हे त्यांचं ब्रीद. महिन्यातून एकदा त्या मानेला जवसाचं तेल चोळायचे, तान्ह्या पोराला चोळावं तसं, गुणगुणत. काकू म्हणायच्या, "माह्या गुडघ्याले कधी चोळलं नाई." काका लगेच, "तुह्या गुडघ्यानं कधी सूर दिला का?" आणि मग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज वाढायचा.

पुढं मी अकोल्याला आले, नोकरी लागली, लग्न झालं. पप्पूभाऊंच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायला लागले. आठवड्यातून एक दिवस मी शाळेची बाई नसायचे, कोणाची सून नसायचे, स्टेजच्या मागच्या बाजूला उभी राहून सगळ्या गाण्यांचा पाया धरून ठेवायचे. तो दिवस माझा होता. तेवढ्यावर माझा बाकीचा आठवडा चालायचा, यात कणभरही अतिशयोक्ती नाही.

आणि मग अकोट रोडला माझी स्कूटी घसरली. गळ्याखालचं हाड मोडलं आणि डावं मनगटही. हाडं जुळून आली, प्लास्टर निघालं, पण डावा पंजा पुरता उघडेना आणि खांद्यावर वजन घेतलं की डोळ्यांपुढं काजवे. डॉक्टर म्हणाले, होईल हळूहळू, व्यायाम करा. हळूहळू! मे महिन्यात शाळेच्या मैदानावर आमचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम होता. पप्पूभाऊ घरी आले, सरबत प्यायले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तब्येत पहिले. बेस मी कीबोर्डवरच डाव्या हातानं घेऊन घेतो. आजकाल सगळे तसंच करून राहिले."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज मऊ होता म्हणून मला समजलं, की एकदा का कीबोर्डवर निभावलं की माझी जागा गेली. ऑर्केस्ट्रात रिकामी जागा कोणी झाकून ठेवत नाही. त्या रात्री नवऱ्यानं समजूत घातली, पण मी उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "गिटार घेऊन अमरावतीले ये. आज."

गेले. काकांनी आधी माझी गिटार माझ्या गळ्यात घातली. माझ्या गिटारीचं धड हलकं होतं, खांद्यानं ते कसंबसं पेललं. पण तिची मान मुसळासारखी जाड, माझी आखडलेली बोटं वरच्या तारेपर्यंत पोचेनात. मग त्यांनी स्वतःची काळी गिटार दिली. तिची मान बारीक, निमुळती. बोटं आपोआप पोचली, मी हरखून गेले. आणि दुसऱ्याच क्षणी खांद्यातून अशी कळ निघाली की मी "आई गं" म्हणून खुर्चीत बसले. त्या गिटारीचं धड म्हणजे नुसता दगड.

काका गालावर हात ठेवून बसले. काकू लसूण सोलत होत्या, त्यांचेही हात थांबले. मग काका उठले आणि पेचकस घेऊन आले.

"तुह्या धडाले माही मान लावतो," ते म्हणाले.

"आणि तुमच्या धडाला?"

"तुही."

काकू म्हणाल्या, "अवो, टोप्या हायेत का बदलायले?"

मला हिशेब लगेच कळला. माझ्या वाट्याला हलकं धड आणि बारीक मान. त्यांच्या वाट्याला दगडाचं धड आणि मुसळाची मान, म्हणजे दोन्हीकडचं वाईट ते. मी नको नको म्हणायला लागले तर त्यांनी बोट वर केलं. "अंतरिम आदेश हाय. तुहा हात बरा झाला का पुन्हा बदलू. चूप बस."

त्यांनी दोन्ही गिटारी जाजमावर उपड्या झोपवल्या. माना धडाला मागून चार-चार स्क्रूंनी घट्ट धरलेल्या असतात, ते सोडवले. आधी दोन्ही माना शेजारी ठेवून मोजल्या. लांबी सारखी, पट्ट्यांमधली अंतरं सारखी, म्हणजे सूर चुकणार नव्हता. त्यांची मान माझ्या धडाच्या खाचेत थोडी सैल बसत होती, तर कोण्या पक्षकाराच्या पोरीची लग्नपत्रिका कापून त्याची बारीक पट्टी खाचेत सारली. "लग्नपत्रिकेचा कागद भल्ला मजबूत असते. संसार टिको न टिको." अडचण एकच होती. स्क्रूची भोकं जुळत नव्हती. मग सागवानाच्या काड्या तासून जुन्या भोकांत ठोकल्या, सुताराचा पांढरा गोंद भरला. तो सुकला की नवी भोकं पाडायची होती.

आणि इथं आमच्या वऱ्हाडी डोक्यानं घात केला. बाहेर मे महिन्याचं ऊन, घरात कूलर. आमच्याकडं जे काही जपायचं असतं ते कूलरपुढं नेऊन ठेवतात. पाहुणा आला, कूलरपुढं. आजारी माणूस, कूलरपुढं. आंबे, भाजी, तापलेला मोबाइल, सगळं कूलरपुढं. काकांनी दोन्ही माना कूलरच्या थेट झोतात ठेवल्या. "लाकूडही तापलं अन् पोरगीही तापली. दोघाईले थंडं होऊ दे." काकू म्हणाल्या, "बराबर." मीही म्हणाले, "हो ना." खसाच्या ताट्यांतून येणाऱ्या त्या ओल्या वाऱ्यात गोंद काय सुकणार, हे आम्हा तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. सकाळी वरून हात लावला तर कडक लागलं. काकांनी भोकं पाडली, स्क्रू आवळले, तारा चढवल्या. मी वाजवून पाहिलं. बोटं पोचत होती, खांदा सोसत होता. मी तिथंच हसले आणि रडलेही.

अकोल्याला तालमीत दुसऱ्याच गाण्याला तारा वर उचलल्या गेल्या. आधी सूर ढळला, मग कट्ट झालं, आणि मान खाचेतून कुरकुरत वर आली. तारांच्या ओढीनं ओल्या गोंदातले स्क्रू उपसून आले होते. सगळे वाजवायचे थांबले. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. पप्पूभाऊ कीबोर्डवरून म्हणाले, "राहू द्या ताई. आजच्या दिवस मी घेतो." आणि त्यांनी डाव्या हातानं माझा बेस वाजवला. चांगला वाजवला.

मी फोनवर काकांना नीट सांगूही शकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत काका दारात उभे. डोक्याला ओला दुपट्टा, हातात पिशवी, शर्टाची घामानं पार वाट लागलेली. एस.टी.नं, त्या उन्हात, त्या वयात! मी पाणी पुढं केलं तर म्हणाले, "पहिले गिटार दाखव." उपसलेली भोकं त्यांनी बोटानं चाचपली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "कूलर! अरे, मी वकील कायचा, मी तं बैल!"

मग विचारलं, "तुह्या घरात सगळ्यात गरम खोली कोनती?"

वरची टिनाची खोली. तिथं मे महिन्यात मांजरसुद्धा जात नाही. काका तिथं जाऊन बसले. त्यांनी जोडीला जाड सागवानी खुंट्या आणल्या होत्या. त्यासाठी मानेतली भोकं मोठी करावी लागणार होती. ड्रिल हातात घेऊन ते थबकले, आणि मला म्हणाले, "आयक. हे भोक आता मोठं केलं का ही मान तुह्याच गिटारीची झाली. मंग माह्या धडाले परत बसनार नाई. एका लाकडाले कितीदा टोचनार?"

ती गिटार त्यांनी वकिलीच्या पहिल्या कमाईतून घेतलेली, काकूंच्याही आधीची, असं काकूच हसून सांगायच्या. "काका, थांबा," मी म्हणाले. "राहू द्या. मी नाही वाजवत."

"मी थांबलो तं तू थांबशीन," ते म्हणाले. आणि ड्रिल चालू केलं.

गोंद भरून झाल्यावर ते मानेपाशी पहारा देत बसले. मी कूलर वर आणते म्हटलं तर असे डोळे वटारले की मी निमूट खाली बसले. दोघं घामानं निथळत होतो. मी कैरीचं पन्हं, ताक, पाणी आणत राहिले. बोलता बोलता मी विचारलं, "काका, तुम्हाला त्या जाड मानेवर वाजवता येईल?"

"न यायले काय झालं?"

"आणि वजन?"

"मले पोट हाये ना, त्याच्यावर टेकवतो. काकू म्हन्ते त्याचा काई उपयोग नाई. आता दाखवतो तिले."

मी हसले, घाम पुसला. मी म्हणाले, "काका, तुम्ही माझ्यासाठी..." तर लगेच, "ए, ए! भाषण नाई. गोंद हलते." आता भाषणानं गोंद हलतो का? पण मी त्यांच्यापुढं ताकाचा पेला सरकवला. उन्हं कलली तेव्हा त्यांनी स्क्रू आवळले, तारा चढवल्या, आणि गिटार माझ्या हातात न देता मान धरून स्वतः अशी ओढून पाहिली की माझाच जीव वर आला. मान तसूभरही हलली नाही. मग ते घटाघटा ताक प्यायले आणि तिथंच फरशीवर आडवे झाले.

कार्यक्रमाला काका-काकू दोघंही आले. पप्पूभाऊंनी तालमीत माझा बेस ऐकला होता, त्यांनी डावा हात मुकाट्यानं कीबोर्डवरून काढून घेतला होता. मी स्टेजच्या मागं उभी राहिले. पहिल्या गाण्याला माझं सगळं लक्ष खांद्याकडं होतं, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला मी विसरूनच गेले की मला काही झालं होतं. मैदान डोलत होतं, पोरंटोरं नाचत होती. मी पहिल्या रांगेत पाहिलं तर काका खुर्चीत मान टाकून चक्क झोपलेले! कार्यक्रमानंतर मी फणकाऱ्यानं म्हणाले, "काका, इतकं करून तुम्ही झोपलात?" काकूही लाजेनं पदर सारखा करत होत्या. काका डोळे चोळत म्हणाले, "बेस बराबर असला का झोप लागते. कुठं हुकला असता तं खाडकन जागा झालो असतो." इतकी मोठी शाबासकी मला नंतर कोणीच दिली नाही.

पुढं मी अमरावतीला गेले की त्यांचं वाजवणं ऐकायचे. आधी काका बेसवर धावायचे, इकडून तिकडं, वकिली युक्तिवादासारखे. त्या जाड मानेवर ते जमेना. मग त्यांनी सूर कमी केले. जिथं चार वाजवायचे तिथं एक, पण तो असा की पुढचं सगळं गाणं त्याच्यावर टेकावं. त्यांच्या मंडळातले म्हातारे म्हणायचे, वकीलसाहेब आता खरे वाजवायला लागले. काका म्हणायचे, "जनम गेला बोलन्यात. या तुह्या मानेनं गप बसायले शिकवलं." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते की मनापासून, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी कान देऊन ऐकलंय, त्यावरून सांगते, मनापासूनच असावं.

काका गेले त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. माझा हात पूर्ण बरा झाला होता, खांद्यानंही तक्रार सोडली होती. अकोल्यात एक चांगला सुतार सापडला होता, तो म्हणाला, मान कापून, जोड देऊन पुन्हा त्या काळ्या धडाला बसवून देतो, कळणारही नाही. मी गिटार घेतली आणि थेट राजापेठेत गेले. मनात भाषण पाठ केलं होतं, आणि या वेळी हलायला गोंद नव्हता.

काका पलंगावर बसले होते, खूप वाळले होते. पोट तर उरलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं, सुताराचं, कापण्याचं, जोडाचं. म्हणाले, "काका, तुमची मान तुम्हाला परत द्यायची आहे. खूप वर्षं वापरली मी." त्यांनी माझी गिटार मांडीवर घेतली. तिची मान वरपासून खालपर्यंत एकदा हातानं पुसली. चारही स्क्रूंवरून अंगठा फिरवला.

"वाजते का?"

"वाजते ना काका. छान वाजते."

"मंग कायले उघडतं?"

आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवून दिली. माझं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "काका, तुमचे फार उपकार झाले." तर ते असे भडकले! "उपकार कायचे व? मी का तुले किडनी देली? लाकूड होतं थे! जाय, गाडी चुकन तुही." काकू दारातून खुणेनं म्हणाल्या, जा, त्यांना बोलू द्या.

मी गेटबाहेर आले. संध्याकाळची वेळ, ट्यूशनची पोरं सुटलेली, स्कूट्यांचे हॉर्न, राजापेठ नुसती खदखदत होती. पाठीवरची गिटार नीट करायला थांबले, तेवढ्यात खिडकीतून तो आवाज आला. मागं वळून पाहिलं. काकांनी काळी गिटार मांडीवर ओढून घेतली होती. उशी पोटाशी धरून तिच्यावर ती टेकवली होती. माझ्या त्या जाड मानेवरून त्यांचा हात हळूहळू वर सरकत होता. बोट तारेपर्यंत पोचायला वेळ लागला. काका थांबले, घाई केली नाही, आणि मग सूर आला, भरदार आणि अगदी जागच्या जागी.

मी तिथं उभी राहून पुन्हा म्हणाले, मोठ्यानं म्हणाले, "उपकार झाले हो काका!" त्या गर्दीत त्यांना ते ऐकू गेलं नाही. गेलं असतं तर पुन्हा ओरडले असते.